बारा हजार ठिणग्या

गावोगावी एक असा माणूस असतो, ज्याची सगळी तयारी झालेली असते. संकट तेवढं यायचं बाकी असतं. आमच्या जानेफळातही आहे. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर सापडेल, पण गावात त्याला चकमकभाऊ म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, धंदा मोबाइल दुरुस्तीचा, वावर चार एकर आणि कमरेला एक रुंद पट्टा. त्या पट्ट्याला होकायंत्र, शिट्टी, घडीचा चाकू, विणलेल्या दोरीचं भेंडोळं, बॅटरी आणि आणखी दोन वस्तू लटकतात. त्या दोन वस्तूंचं काम तो सांगतो तेव्हा पटतं, आणि घरी पोचेपर्यंत आपण विसरतो. भाऊ बाजारातून चालत आला की पोळ्याचा बैल आल्यासारखा आवाज होतो.

होकायंत्र कशाला, असं एकदा एकानं विचारलं. "रानात वाट चुकली तं?" भाऊ म्हणाला. आमच्या शिवारात वाट चुकायला अंगी कला लागते. कुठल्याही धुऱ्यावर उभं राहून कोणाच्याही नावानं हाक मारली तरी चार जण ओ देतात, आणि त्यातला एक जण तुम्ही कोणाचे कोण हे सांगून वर उसने पैसे कधी देता तेही विचारतो. शिट्टी भाऊनं एकदाच वाजवून पाहिली. शाळा सुटलेली होती, तरी वीस-पंचवीस पोरं खो-खोच्या मैदानाकडे धावली. तेव्हापासून शिट्टी नुसती लटकते.

या वेडाला कारण घडलं, आणि ते कारण चार पायांचं होतं. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून टी-१ सी-१ नावाचा तरणा वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगण झालं, मराठवाडा झाला; पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात तो आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला, चकमकभाऊला काळजी. यवतमाळहून इथवर आलेल्या जनावराला ज्ञानगंगेतून जानेफळ ते काय लांब? वाघ विस्तवाला भितो, एवढं त्याला प्राथमिक शाळेतल्या धड्यावरून आठवत होतं. तेव्हा विस्तव आपल्या कमरेला पाहिजे, असं त्यानं ठरवलं. वाघ तेराशे किलोमीटर रिकाम्या हातानं आला. घरापासून चार किलोमीटरवरच्या वावरात जाणाऱ्या भाऊला मात्र सामान लागू लागलं.

मग रात्र रात्र जागून तो मोबाइलवर परदेशी माणसं पाहू लागला. ती माणसं बर्फात, चिखलात, समुद्राच्या बेटावर एकटीच असायची आणि काहीतरी घासून आग पेटवायची. बेअर ग्रिल्स त्याला इतका घरचा झाला, की "ग्रिल्सभाऊ काय म्हणते माहीत हाये का?" अशी त्याची वाक्यं सुरू होऊ लागली. ग्रिल्सभाऊला किडे खाताना पाहून भाऊच्या बायकोनं एवढंच म्हटलं, "त्याले घरी कोणी नाही वाटते सैपाक करणारं."

आणि एक दिवस पार्सल आलं.

आत करंगळीएवढी काळी कांडी होती. तिला लाकडी मूठ, आणि सोबत दोरीला बांधलेला दातेरी पोलादी पत्रा. भाऊनं टपरीवर चार माणसं जमवली, कांडी हातात धरली आणि पत्रा घासला. काही झालं नाही. पुन्हा घासला. दहा मिनिटं घासला. कांडीनं ठिणगी तर सोडाच, रागसुद्धा दाखवला नाही. शेवटी दहावीतल्या एका पोरानं खोकं उलटून वाचलं आणि सांगितलं, "भाऊ, वरचा काळा रंग आधी खरवडा लागते." रंग निघाला आणि मग खरोखरच पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा असा फवारा उडाला, की टपरीवाल्यानं आधी रॉकेलचा डबा आत ओढला.

"बारा हजार!" भाऊ म्हणाला. "बारा हजार डाव पेटते, कंपनीनं लिहून देल्लं. साडेसहाशे रुपयांत! रोज एक शेकोटी धरली तरी तेहतीस वर्षं चालते. माहं आयुष्य निघते अन् पोराचं अर्धं निघते."

टपरीच्या बाकावर आमचे निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गुरुजींनी कप खाली ठेवला की गणित येतं, हे दोन पिढ्यांना ठाऊक आहे.

"आगपेटी २०२१ च्या डिसेंबरात एकाची दोन रुपयांना झाली," गुरुजी म्हणाले. "साडेसहाशेच्या पेट्या झाल्या सव्वातीनशे. पेटीत पन्नास काड्या धरू. सव्वासोळा हजार काड्या."

टपरीवर शांतता पसरली.

"पण गुरुजी, काड्या भिजतात!"

"सव्वातीनशेच्या सव्वातीनशे पेट्या?" असं विचारून गुरुजींनी कप पुन्हा उचलला.

पण भाऊ हिशेबानं हरणारा माणूस नव्हे. हिशेब संपतो तिथं त्याचं विज्ञान सुरू होतं. कांडीची कुंडली त्याला तोंडपाठ आहे. तिच्या धातूचं नाव फेरोसेरियम. म्हणजे सेरियम आणि त्याच्या भाऊबंद धातूंत लोखंड मिसळलेलं. कार्ल ऑअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये तो काढला. पत्र्यानं खरवडलं की धातूचा भुगा उडतो आणि हवा लागताच पेट घेतो. ठिणगी तीन हजार अंशांच्या घरात तापते. सिगारेटच्या लायटरमधला बारीक खडा हा याच कांडीचा धाकटा भाऊ. हे सगळं खरं आहे. भाऊची माहिती कधीच चुकत नाही, तो फक्त ती चुकीच्या माणसाला सांगतो. त्या दिवशी त्यानं ती दळण घेऊन निघालेल्या एका म्हातारीला चौकात उभं करून सांगितली. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग मोबाइल कधी देतं दुरुस्त करून?"

या ऑअरसाहेबाची अर्धी गोष्ट मात्र भाऊ सांगत नाही. कांडीच्या आधी या माणसानं गॅसबत्तीची जाळी काढली होती. तिच्यासाठी थोरियम लागायचं आणि ते मोनाझाइट नावाच्या वाळूतून निघायचं. पुढं आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळूसुद्धा त्यासाठी जहाजांनी परदेशी जाऊ लागली. थोरियम काढून घेतलं की मागं सेरियमचा ढीग उरे. शिळ्या पोळीचा कुस्करा करावा तशी त्या उरलेल्या मालातून ही ठिणगीची कांडी झाली. ती जाळी आमच्याकडे 'मेंटल' म्हणून आली. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या माणसांच्या उजेडात आमच्या आज्यापणज्यांच्या वराती निघाल्या. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यातून आमच्या गावात आधी मेंटल आलं, आणि मग चकमकभाऊ.

कांडी आल्यापासून गावात भाऊसमोर आग मागायची सोय राहिली नाही. कोणी बिडी ओठात धरून सवयीनं "माचिस हाये का?" म्हटलं, की भाऊ पट्ट्याला हात घालतो. ठिणगीनं बिडी पेटत नाही. आधी कापूस पेटवायचा, कापसावर काडीकचरा पेटवायचा आणि त्यावर बिडी. एवढं होईस्तोवर बिडीवाल्याची एसटी निघून जाते. एकानं अशी दोन आठवड्यांत बिडी सोडली. भाऊ आता ते व्यसनमुक्तीच्या खात्यात मांडतो.

घरातही प्रयोग झाला. गॅसचा लायटर बिघडला होता, बायको आगपेटी शोधत होती. "थांब!" म्हणून भाऊ धावला. बटण फिरवलं, पण कांडी पट्ट्यातून निघेना. निघाली तेव्हा गॅस बराच जमला होता. फक्कन् जाळ झाला आणि भाऊची उजवी भुवई गेली. बायको काही बोलली नाही. तिनं देवघरातली आगपेटी आणून दुसरी शेगडी पेटवली आणि चहा ठेवला. महिनाभर भाऊच्या चेहऱ्यावर एका बाजूनं कायम प्रश्न विचारल्यासारखा भाव होता.

आता आमच्या आबांविषयी सांगायला हवं. आधार कार्डावर त्यांचं वय शहाऐंशी आहे. आबा म्हणतात, ते सरकारचं मत आहे. भाऊनं त्यांना कांडी दाखवली तेव्हा आबांनी ती नाकाजवळ नेली, नखानं टोकरली आणि परत दिली. "चकमक हाय," ते म्हणाले. "माह्या बापाच्या चंचीत होती." आबांच्या वडिलांच्या चंचीत पान-सुपारीशेजारी एक गार, पोलादाचा वाकडा तुकडा आणि नळीत कोंबलेला जळका कापूस असे. गार कुठून आणायची? आपल्याच वावरातून. आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. लाव्हाच्या त्या दगडात पोकळ्या राहतात आणि पोकळ्यांत गारगोट्या बसतात. नांगराला लागल्या की शेतकरी शिव्या देतो आणि धुऱ्यावर फेकतो. गारेवर पोलाद आपटलं की पोलादाचाच कण निघून पेटतो. ऑअरसाहेबाची कांडी तेच काम जास्त दणक्यात करते, एवढाच काय तो फरक.

"ठिणगी कोणीबी पाडते लेका," आबा म्हणाले. "पण तिले लेकरावाणी पोसा लागते."

भाऊला ते पटलं नाही. ग्रिल्सभाऊ असं काही म्हणाला नव्हता.

आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चंचीतली चकमक वाटेवरच्या माणसाची, ढोरांमागं रानात जाणाऱ्याची. घरात रोज कोण गार घासत बसणार? रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचा. तो विझलाच, तर सकाळी ज्याच्या घरातून धूर निघताना दिसेल तिथं गोवरीचा तुकडा देऊन पोरीला पिटाळायचं. "काकू, इस्तो द्या जरासा." साऱ्या गल्लीची चूल अशी एका घरातून दुसऱ्या घरात पेटत जायची. म्हणून भांडण झालं की पहिल्यांदा बंद व्हायचा तो विस्तव. पेपरात आपण दोन पुढाऱ्यांत विस्तव जात नाही असं वाचतो. आबांच्या मते ती गोष्ट मुळात दोन शेजारणींची आहे.

असा विस्तव न जाण्याचं एक ठिकाण भाऊच्या वावराला लागून आहे. पलीकडचं वावर त्याच्या चुलतभावाचं. भांडण धुऱ्याचं, दोन वितीचं, नऊ वर्षांचं. मोजणी झाली तेव्हा धुरा जागेवर राहिला, हे दोघं भाऊच तेवढे एकमेकांपासून सरकले. एकाच्या घरी लग्न निघालं की दुसरा पंढरपूरला जातो.

तर गेल्या जानेवारीत भाऊनं वावरात रोडगे घातले. ज्यांना रोडगे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे, पदर सुटतील असे वळलेले, गोवऱ्यांच्या रसरशीत निखाऱ्यात भाजायचे. वरची राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. त्यानंतर माणूस तासभर कोणाशी वैर धरू शकत नाही. धरायला उठावं लागतं.

निमंत्रणाला एक अट होती. वावरात शिरताना भाऊनं प्रत्येकाचे खिसे रिकामे करून घेतले. आठ आगपेट्या आणि तीन लायटर निघाले. ते एका डब्यात घालून भाऊनं आपल्या मोटारसायकलच्या डिक्कीत बंद केले. "आज विस्तव फक्त याचा," असं म्हणून त्यानं कांडी वर धरली. तेवढ्यात तूप घरीच राहिल्याचं लक्षात आलं. भाऊचा पोरगा गाडी घेऊन तूप आणायला गावात गेला. डिक्कीसकट.

गोवऱ्या रचल्या होत्या, खाली तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचं कुटार. सूर्य टेकला होता. भाऊनं आधी व्याख्यान दिलं. "ही कांडी पाण्यातून काढली तरी पेटते!" असं म्हणून त्यानं ती बादलीत बुडवली, बाहेर काढली, घासली. ठिणग्यांचा फवारा उडाला. टाळ्या पडल्या. मग त्या ओल्या हातानंच त्यानं विकत आणलेल्या ज्वलनशील कापसाचं पाकीट फोडलं, कापूस पिंजला आणि रचला. कांडीला पाण्याचं भय नसतं हे खरं, कापसाला असतं. ठिणग्या त्यावर पडून अशा विझल्या, जशा सभेत सूचना विझतात.

मग कुटार. पण थंडीचे दिवस, कुटारावर दव धरू लागलेलं. शिवाय भाऊ कांडी स्थिर धरून पत्रा जोरानं पुढं रेटायचा. दर तिसऱ्या फटक्याला पत्रा ढिगात घुसून ढीगच उधळायचा. दहावीतलं ते पोर म्हणालं, "भाऊ, पत्रा धरून ठेवा अन् कांडी मागं ओढा." भाऊनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात उरलेली भुवईही पेटेल असं वाटलं.

"तीनशे झाले," गुरुजी अंधारातून म्हणाले. ते मोजत होते.

बायका कणीक झाकून बसल्या. वांगी चिरलेली काळी पडू लागली. पोरगा येईना; मागून कळलं, गावात कोणाच्या तरी ओट्यावर क्रिकेटचा सामना लागला होता आणि तूप हातात घेऊन तो शेवटची दोन षटकं बघत होता.

"पाचशे," गुरुजी म्हणाले. "एका शेकोटीले पाचशे, म्हणजे बारा हजारांत चोवीस शेकोट्या. शेकोटी सत्तावीस रुपयांले पडली भाऊ. पेटली तं."

आबांनी घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. "आपल्या जिल्ह्यात बिनविस्तवाची आग एकदाच पेटली," ते म्हणाले. "शेगावात."

ती गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही येते, तरी सगळे ऐकायला सरसावले. अक्षय तृतीयेचा दिवस. गजानन महाराजांच्या चिलमीला विस्तव हवा होता, म्हणून पोरांना जानकीराम सोनाराकडे पाठवलं. सणाच्या दिवशी विस्तव देत नसतात, म्हणून सोनारानं हाकलून दिलं. महाराजांनी बंकटलाल या आपल्या भक्ताला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली, आणि चिलीम पेटली. तिकडे सोनाराच्या पंगतीत चिंचवण्यात किडे निघाले. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात हे सविस्तर आहे.

"मंग?" भाऊ धापा टाकत म्हणाला. "त्यायनं पेटवलीच ना विस्तवाशिवाय?"

"पेटवली," आबा म्हणाले. "पण पयले मांगायले पाठवलं होतं."

कोणी काही बोललं नाही. धुऱ्यापलीकडं मात्र उजेड दिसत होता. चुलतभाऊ जागलीला आला होता. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, रोही शिरतात, म्हणून तो रोज रात्री शेकोटी करून बसे. आमच्या गोवऱ्यांपासून ती शेकोटी शंभर पावलांवर होती. नऊ वर्षं शंभर पावलांवर होती.

भाऊची आठ वर्षांची पोरगी केव्हा उठली ते कोणाला कळलं नाही. तिनं गोवरीचा एक तुकडा उचलला आणि धुरा ओलांडला. तिला भूक लागली होती, आणि धुऱ्याचं भांडण ती जन्मायच्या आधीचं होतं. पलीकडून तिचा आवाज आला, "काका, इस्तो द्या ना जरासा."

भाऊचा हात थांबला. पाचशे चाळिसावर, असं गुरुजींच्या वहीत आहे.

पलीकडं बराच वेळ शांतता. मग सावली उठली. चुलतभाऊ घमेलंभर निखारे घेऊन स्वतः आला, पोरगी पुढं आणि तो मागं. कोणाकडे न पाहता त्यानं निखारे गोवऱ्यांखाली ओतले, खाली वाकून दोन फुंकरी घातल्या आणि जाळ उभा राहिला. "एवढ्याशा गोवरीवरच्या इस्तोनं रोडगे होतात काय कधी?" तो गोवऱ्यांना म्हणाला.

"होतच आलं होतं," भाऊ कांडीला म्हणाला.

एवढं बोलणं नऊ वर्षांत झालं नव्हतं.

"बसा बापू," आबा म्हणाले, आणि चुलतभाऊ "डुकरं हायेत तिकडं" म्हणत म्हणत बसला. तासाभरानं रोडगे निघाले तेव्हा तूपही आलं, डिक्कीही आली. आठ आगपेट्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या, पण तेव्हा त्या कोणाला नको होत्या. निखारा जास्त झाल्यानं रोडग्यांवर राखेचा जाड थर धरला होता. फडक्यानं झटकून निघेना. चुलतभावानं अंधारात चाचपडत जमिनीवरचा तो दातेरी पत्रा उचलला, दोरीतून सोडवला आणि एक रोडगा खरवडू लागला. राख भराभर निघाली. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पत्रा शेकोटीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि पहिल्यांदाच भाऊकडे सरळ बघून विचारलं,

"लय कामाचं हाय बे हे. केवढ्याले भेटलं?"

"साडेसहाशे," भाऊ म्हणाला. त्यानं तुपात बुडवलेला घास तोंडात घातला, चावला, गिळला. "त्याच्यासंगं एक कांडी फुकट भेटते."